जनरल मोटर्सची भारतातून माघार आणि तळेगावचा कारखाना

अमेरिकेच्या जनरल मोटर्स कंपनीने शेव्हर्ले मोटारींची भारतातील विक्री वर्षअखेरीस थांबविण्याचा निर्णय १८ मे २०१७ रोजी जाहीर केला. गुजरातमधील हलोल येथील कारखान्याचे उत्पादन एप्रिलमध्येच बंद झाले होते. पुणे जिल्ह्यातील तळेगावचा कारखाना मात्र केवळ निर्यातीसाठी सुरू ठेवण्यात आला.

ही कंपनी भारतात नवखी नव्हती. तिने १९२८ मध्ये मुंबईत मोटारजोडणी सुरू केली होती. १९५० च्या दशकात ते काम थांबले. १९९० च्या दशकात कंपनी ओपेल मोटारी घेऊन परतली आणि २००३ पासून शेव्हर्ले हे नाव रूढ झाले. तळेगावच्या कारखान्याचे उद्घाटन सप्टेंबर २००८ मध्ये झाले. स्पार्क, बीट आणि टवेरा या गाड्यांमुळे २०१० व २०११ मध्ये विक्री दरवर्षी एक लाखाच्या वर गेली, पण ती टिकली नाही. उत्सर्जन चाचण्यांतील गैरप्रकारांमुळे २०१३ मध्ये सुमारे १ लाख १४ हजार टवेरा परत बोलवाव्या लागल्या आणि कंपनीच्या प्रतिष्ठेला मोठा धक्का बसला.

या माघारीचे खापर भारतीय बाजारपेठेवर फोडणे योग्य ठरणार नाही. २०१६-१७ मध्ये देशातील प्रवासी वाहनांची विक्री प्रथमच ३० लाखांच्या पुढे गेली. त्याच वर्षी जनरल मोटर्सने देशात अवघ्या २५,८२३ गाड्या विकल्या, तर ७०,९६९ गाड्या निर्यात केल्या. लहान मोटारींच्या स्पर्धेत मारुती व ह्युंदाईपुढे तिचा निभाव लागला नाही. शिवाय नफा न देणाऱ्या देशांतून बाहेर पडण्याचे धोरण कंपनीने जगभर अवलंबिले होते. त्याच दिवशी दक्षिण आफ्रिकेतील माघारही जाहीर झाली.

निर्यातीचा आधारही फार काळ पुरला नाही. तळेगावचे उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये थांबले. जानेवारी २०२० मध्ये चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सशी विक्रीचा करार झाला होता. परंतु भूसीमा लागून असलेल्या देशांतील गुंतवणुकीला सरकारी मंजुरी आवश्यक करणारा नियम एप्रिल २०२० मध्ये लागू झाला. पाठोपाठ गलवानचा संघर्ष झाला. मंजुरी मिळाली नाही आणि २०२२ च्या मध्यावर हा करार संपुष्टात आला.

या अनिश्चिततेची झळ कामगारांना बसली. त्या वेळच्या औद्योगिक विवाद कायद्यानुसार शंभर किंवा अधिक कामगारांचा कारखाना बंद करण्यास शासनाची परवानगी लागत असे. तळेगावात या परवानगीवरून वाद सुरू असतानाच, एप्रिल २०२१ मध्ये कंपनीने सुमारे चौदाशे कामगारांना 'ले-ऑफ' दिला. अशा काळात कायद्याप्रमाणे मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या निम्मीच रक्कम हाती पडते. घराचे हप्ते फेडणाऱ्या कुटुंबाला ती पुरणे कठीण. कामगार संघटनेने नुकसानभरपाईवर समाधान मानण्यास नकार देऊन नोकरीचीच मागणी लावून धरली.

ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईने कारखाना घेण्याचा करार केला. त्यात जमीन, इमारती व काही यंत्रसामग्रीचा समावेश होता. कामगारांनाही सामावून घ्यावे, यासाठी संघटनेने आंदोलन केले. जानेवारी २०२४ मध्ये हस्तांतर पूर्ण झाले आणि २०२५ मध्ये तळेगावात ह्युंदाईच्या व्हेन्यू गाडीचे उत्पादन सुरू झाले.