कंबोडियाचीं निर्वासित मुलें आणि अमेरिकेचा कायदा

शिक्षा भोगून झाली कीं गुन्ह्याचा हिशेब मिटला, अशी आपली समजूत असते. अमेरिकेंत वाढलेल्या कंबोडियन निर्वासित मुलांना निराळाच अनुभव आला.

१९७५ ते १९७९ या ख्मेर रूजच्या राजवटींत कंबोडियांतील पंधरा-वीस लाख माणसें प्राणांस मुकलीं. वांचलेल्यांपैकीं पुष्कळ कुटुंबें थायलंडच्या छावण्यांतून अमेरिकेस पोंचलीं आणि लाँग बीच, स्टॉकटन, लोवेल येथील गरीब वस्त्यांत राहूं लागलीं. आईबाप दुःखानें मुके झालेले, भाषा परकी, रस्त्यावर आधींच्या टोळ्यांचा जाच. कांहीं मुलांनीं मग स्वतःच्याच टोळ्या उभारल्या. मारामाऱ्या, चोऱ्या, क्वचित् खूनही झाले. हें झांकण्यांत अर्थ नाहीं.

या मुलांपाशीं कायम वास्तव्याचा परवाना होता, नागरिकत्व नव्हतें. मुलें अज्ञान असतांना आईबाप नागरिक झाले असते, तर मुलांनाही तें आपोआप लाभलें असतें. पण त्यासाठीं इंग्रजीची परीक्षा द्यावी लागे, आणि ती अनेकांना देववली नाहीं. या फरकाचें मोल १९९६ सालीं कळलें. त्या वर्षींच्या कायद्यानें एक वर्षाची शिक्षा झालेली चोरी किंवा मारहाणही हद्दपारीस पुरेशी ठरली. शिक्षा स्थगित झाली असली तरीही! शिवाय हा नियम जुन्या गुन्ह्यांनाही लागला, आणि दया दाखविण्याचा न्यायाधीशांचा अधिकार बहुतांशीं गेला.

एक मुलगा दोन वर्षांचा असतां देशाबाहेर पडला व सातव्या वर्षीं अमेरिकेंत आला. सतराव्या वर्षीं टोळीच्या गोळीबारांत भाग घेतल्यामुळें, सदोष मनुष्यवधाबद्दल त्याला ३८ महिन्यांची शिक्षा झाली. दोन वर्षांनीं तुरुंगाचें दार उघडलें, तें दुसऱ्या कोठडींत जाण्यासाठीं. कारण कंबोडियाशीं करार नसल्यामुळें त्याला तेथें धाडतां येईना. जून २००१ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध चार मतांनीं ठरविलें कीं, अशा माणसाला बेमुदत कोंडून ठेवतां येत नाहीं.

हा दिलासा अल्पकाळच टिकला. मार्च २००२ मध्यें कंबोडियानें करार केला. जूनमध्यें पहिले सहाजण रवाना झाले, पुढें शेंकडों. त्यांतील कित्येकांचा जन्म थायलंडच्या छावणींतला. ज्यांनीं कंबोडिया कधीं पाहिलाच नव्हता, त्यांना तेथें ‘परत’ पाठविलें असें कोणत्या तोंडानें म्हणावें?

गुन्हा कबूल करण्यापूर्वीं हद्दपारीचा धोका अशिलास समजावणें हें वकिलाचें कर्तव्य आहे, असें त्याच न्यायालयानें २०१० सालीं सांगितलें. तोंपर्यंत निकालांत निघालेल्या खटल्यांना मात्र हें लागू नाहीं, असा निर्वाळा त्यानेंच २०१३ सालीं दिला.