तळटीप ३ : नकाशातले राखाडी चौकोन

३. लेखकाने येथे सगळा दोष मंद इंटरनेटवर टाकला आहे. तो पटत नाही. वेबवरचा नकाशा सहसा २५६ × २५६ पिक्सेलच्या टाइल्स जोडून तयार होतो आणि प्रत्येक टाइल झूमची पातळी, स्तंभ व ओळ या तीन आकड्यांनी मागवली जाते. नेट मंद असेल तर टाइल उशिरा येते. ती येतच नसेल तर आधी हे आकडे तपासावेत. ओळी मोजण्याच्या दोन पद्धती आहेत : ओपनस्ट्रीटमॅप उत्तरेकडून मोजतो, टीएमएस दक्षिणेकडून. झूम १० वर शनिवारवाड्याची टाइल स्तंभ ७२२, ओळ ४५८ अशी येते. टीएमएसमध्ये तीच ओळ ५६५ होते (१०२३ वजा ४५८). पद्धतींची गल्लत झाली की पुण्याऐवजी विषुववृत्तापलीकडचा हिंदी महासागर मागितला जातो, आणि टाइल्सचा संच फक्त महाराष्ट्राचा असेल तर सर्व्हर बहुधा ४०४ कळवतो. ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये हे लगेच दिसते. ते न पाहता कोड बदलत बसण्यात शिकणाऱ्यांचा फार वेळ वाया जातो, म्हणून हा खुलासा. ४०३ दिसल्यास मात्र परवानगी नाकारलेली असते : एपीआय की किंवा रेफरर तपासावा. — संपा.