पाळणाघराचे अनुदान आणि कोसळलेले सरकार

१५ जानेवारी २०२१. नेदरलँड्सचे पंतप्रधान मार्क रुटे सायकलवरून राजवाड्यात गेले आणि राजे विलेम-अलेक्झांडर यांच्याकडे त्यांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा सादर केला. कारण होते पाळणाघराच्या खर्चासाठी पालकांना मिळणारे सरकारी अनुदान.

हे अनुदान कर विभाग आगाऊ देई. हिशेब मागाहून होई. २०१३ साली बल्गेरियन टोळ्यांनी अशाच भत्त्यांत केलेली अफरातफर उघडकीस आली आणि देशभर गदारोळ उठला. त्याच वर्षी कर विभागाने अर्ज पारखण्यासाठी स्वतः शिकत जाणारी संगणकप्रणाली आणली. जुन्या अर्जांवरून ती धडे घेई आणि नव्या अर्जाला धोक्याचे गुण देई. अर्जदार डच नागरिक आहे की नाही, हाही त्यातला एक निकष होता!

सर्वाधिक गुणांचे अर्ज अधिकाऱ्याच्या टेबलावर जात. म्हणजे तपासणी माणूसच करीत होता. परंतु यंत्राने नेमक्या याच अर्जावर बोट का ठेवले, हे त्याला सांगितलेच जात नसे. हाती येई तो केवळ संशय. पालकांनी कारण विचारले, तर तो बिचारा काय सांगणार?

त्यातच नियमांचा अर्थ निर्दयपणे लावला जाई. एखादी सही राहिली, स्वतःच्या हिश्श्याची किरकोळ रक्कम भरल्याचा पुरावा नसला, तरी वर्षभराचे संपूर्ण अनुदान परत मागितले जाई. कित्येकांवर हजारो युरोंचे कर्ज चढले, घरे गेली, संसार मोडले. बाधित कुटुंबांतील हजाराहून अधिक मुलांना घरातून काढून अन्यत्र ठेवण्यात आले. देशातील सर्वोच्च प्रशासकीय न्यायपीठही २०१९ पर्यंत हाच अर्थ ग्राह्य धरीत होते. म्हणून सारा दोष यंत्राच्या माथी मारणे मला पटत नाही. निर्दयता माणसांचीच होती; ती कोणाच्या दारी जावी, हे ठरविण्यात यंत्राचा हात होता.

पीटर ओम्त्झिख्त आणि रेन्स्के लेइटन हे दोन खासदार व काही पत्रकार यांनी प्रकरण लावून धरले. डिसेंबर २०२० मध्ये संसदीय समितीचा अहवाल आला. त्याचे शीर्षकच होते ‘अभूतपूर्व अन्याय’. पीडित पालकांना प्रत्येकी ३०,००० युरो देण्याचे ठरले. वर्षभराने विदा संरक्षण प्राधिकरणाने कर विभागाला २७.५ लाख युरोंचा दंड केला. सरकारी तिजोरीतून निघून सरकारी तिजोरीतच जाणारा.

मार्च २०२१ च्या निवडणुकीत रुटे यांचाच पक्ष पुन्हा पहिला आला. जानेवारी २०२२ मध्ये त्यांनी चौथ्यांदा पंतप्रधानपदाची शपथ घेतली.