शेगावच्या भूमीखालचे खारे पाणी

१/ शेगावच्या उत्तरेस पूर्णेच्या खोऱ्यात काळी कसदार जमीन दूरवर पसरली आहे. पण येथे विहीर खणली की बहुधा खारे पाणी लागते. समुद्र तर शेकडो किलोमीटर दूर. मग हे मीठ आले कोठून?

२/ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर साचून दख्खनचे पठार घडले. पुढे गाविलगडच्या पायथ्याशी भूकवच भंगले आणि दक्षिणेचा भाग खचला. वऱ्हाडची जुनी विभागणी याच उंचसखलपणावर बेतलेली आहे : मधला सखल प्रदेश पयानघाट, दक्षिणेचे पठार बालाघाट. शेगाव पयानघाटात येते.

३/ म्हणूनच एका बुलढाणा जिल्ह्याचे पाणी दोन दिशांना जाते. पैनगंगा गोदावरीच्या मार्गाने बंगालच्या उपसागराकडे वळते. पूर्णा मात्र पश्चिमेस वाहते आणि चांगदेव येथे तापीला मिळते.

४/ खचलेल्या या द्रोणीत सातपुड्यातून येणाऱ्या नद्यांनी लाखो वर्षे गाळ ओतला. काही ठिकाणी त्याची जाडी ३०० मीटरांहून अधिक आहे.

५/ खारेपणा समजण्यासाठी समुद्राची गरज नाही. खडक झिजताना क्षार सुटतात. उतार अल्प, चिकणमाती घट्ट, त्यामुळे पाण्याचा निचरा होत नाही. कोरड्या हवेत पाणी उडून जाते, क्षार मागे उरतात. हाच खारपाणपट्टा; तो अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांत पसरला आहे.

६/ या मातीने इतिहासही घडवला. खाऱ्या विहिरींतून पूर्वी मीठ काढले जाई. विहिरीचे पाणी पिकाला चालत नसल्याने शेती पावसावरच राहिली आणि ओल धरणाऱ्या काळ्या जमिनीत कापूस रुजला. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) कापसाचे भाव भडकले. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. शेगाव याच मार्गावर आहे. १८७० मध्ये खामगावच्या कापूस बाजारासाठी जलंबहून स्वतंत्र फाटा निघाला.

७/ ज्या जमिनीचा कापूस मँचेस्टरपर्यंत गेला, तिच्यावरील गावे मात्र गोड्या पाण्याला पारखी राहिली. मूत्रपिंडाच्या विकारांच्या तक्रारी येथून वर्षानुवर्षे येत आहेत. खारे पाणी शेताला दिले तर माती आणखी चोपण होते. म्हणून शेततळ्यांत पावसाचे पाणी साठवतात. खोऱ्यातील अनेक गावांची तहान आज वान धरणाच्या नळयोजनांवर भागते. ते पाणीही सातपुड्यातूनच येते, जेथून कधीकाळी हा गाळ आला.