जयचंदाचे सोन्याने बांधलेले दात



गेल्या महिन्यात माझ्या तोंडात पूल बांधून झाला. डॉक्टर त्याला ब्रिज म्हणतात. पुण्याच्या पुतणीने फोनवर लगेच विचारले, "काका, टोल किती बसला?" तो आकडा इथे लिहीत नाही, नातेवाईकही हा ब्लॉग वाचतात!

खालची एक दाढ काढून वर्ष झाले होते. तिच्या मागची आणि पुढची अशा दोन धडधाकट दाढा डॉक्टरांनी घासून बारीक केल्या, माप घेतले, आणि आठवड्याने तीन दाढांचा एक सलग तुकडा आणून बसवला. कडेच्या दोन म्हणजे टोप्या, आपण कॅप म्हणतो त्या. मधली खोटी. तिला मूळ नाही, हिरडीत काही रोवलेले नाही. तिचा सगळा भार दोन्ही शेजारणींवर. खुर्चीत आ वासून पडले की माणसाला बोलता येत नाही, म्हणून विचार करावा लागतो. मला आठवला कनौजचा राजा जयचंद, आणि त्याच्यामागोमाग आपल्या नगरचा फरिश्ता. (आता अहिल्यानगर म्हणायचे, पण जिभेवर अजून नगरच येते.)

फरिश्ता म्हणजे मुहम्मद कासिम हिंदू शाह. जन्म कास्पियन समुद्राकाठच्या अस्त्राबादचा. वडिलांबरोबर लहानपणीच तो निजामशाहीत नगरला आला. वडिलांकडे शाहजादा मीरान हुसेन याला शिकवण्याचे काम होते, म्हणजे फरिश्ता एका मास्तराचा मुलगा! पुढे तो मुर्तजा निजामशहाच्या पहाऱ्यावर लागला. १५८८ साली मीरान हुसेनने आपल्या बापालाच मारले. त्या धामधुमीत पहारेकरी म्हणून फरिश्त्याचीही मान उडायची, पण शाहजाद्याने त्याला ओळखले आणि सोडून दिले. शाहजाद्याला मारायला पुरते वर्षही लागले नाही. १५८९ मध्ये फरिश्ता नगर सोडून विजापूरला गेला आणि तिथे इब्राहिम आदिलशहाच्या आश्रयाने त्याने हिंदुस्थानचा मोठा फारसी इतिहास लिहिला. आपल्याकडे शाळेत चांदबिबी शिकवतात, मलिक अंबर शिकवतात. फरिश्त्याचे नाव मुलांच्या कानावर पडत नाही, याचे मला वाईट वाटते.

या इतिहासात ११९४ सालची चंदावरची लढाई आहे. चंदावर हे यमुनेकाठी, आजच्या फिरोजाबादजवळ. एका बाजूला शहाबुद्दीन घोरी आणि त्याचा सरदार कुतुबुद्दीन ऐबक, दुसऱ्या बाजूला जयचंद. लढाईत जयचंद पडला आणि त्याचे प्रेत ओळखले गेले ते दातांवरून.

फरिश्त्याचे इंग्रजी भाषांतर जॉन ब्रिग्जने १८२९ साली छापले. त्यात जयचंदाचे दात कृत्रिम होते आणि सोन्याने बसवले होते, असा अर्थ आला. आपला अल्पिष्टन साहेब, पेशवाई बुडाली तेव्हाचा पुण्याचा रेसिडेंट, याने १८४१ च्या आपल्या हिंदुस्थानच्या इतिहासात तेच उचलले: राजा खोट्या दातांवरून ओळखला गेला, आणि यावरून त्या काळच्या राहणीवर थोडा प्रकाश पडतो.

पण फरिश्ता लढाईनंतर चारशे वर्षांनी लिहीत होता. लढाईच्या वेळी हयात असलेला एक इतिहासकार आहे, मोसुलचा इब्न असीर (मृत्यू १२३३). तो हिंदुस्थानात आलेला नव्हता, जयचंदाला तो 'बनारसचा राजा' म्हणतो. त्याच्या लिहिण्याचा अर्थ असा, की राजाचे दात मुळाशी कमजोर झाले होते आणि ते सोन्याच्या तारेने बांधले होते. ते नसते तर प्रेत कोणी ओळखले नसते. म्हणजे दात राजाचे स्वतःचेच! हलत होते, म्हणून बांधले.

हा फरक मला तरी मोठा वाटतो. दात नसला तर पूल, हलत असला तर बांधणी. इब्न असीरचे वर्णन बांधणीचे आहे, आणि ते जुने म्हणून मी तेच धरतो. मुळाशी कमजोर होऊन हलणारे दात म्हणजे आजच्या भाषेत पायोरिया असावा. सुश्रुताने हिरडीतून पू-रक्त येऊन दात हलू लागतात त्या रोगाला दंतवेष्ट म्हटले आहे. अशा वेळी हलत्या दातांना शेजारच्या पक्क्या दातांशी तारेने गुंफले की चावण्याचा जोर वाटला जातो. तत्त्व माझ्या पुलाचेच: शेजाऱ्याने भार उचलायचा.

सोनेच का, याचे उत्तर कॉर्डोव्हाचा हकीम अल-जहरावी देऊन गेला आहे. तो जयचंदाच्या पावणेदोनशे वर्षे आधीचा. चांदी हिरवी पडते आणि खराब होते, सोने आहे तसेच राहते, म्हणून दात बांधायला सोन्याची तार बरी, असे तो सांगतो. पडलेल्या दाताच्या जागी गाईच्या हाडाचा दात घडवून तोही तारेने बांधता येतो, असेही त्याने लिहिले आहे. म्हणजे पुलाची कल्पना तेव्हाही होतीच. त्याच्याही आधी, इसवी सनापूर्वी, इटलीतले एट्रुस्कन लोक सोन्याच्या पट्टीत दात अडकवत. नव्हती ती टोपी चिकटवायची आजची रीत. तार नुसती धरून ठेवते, तिच्यात अन्न अडकते, ती पुन्हा पुन्हा आवळावी लागत असणार. आणि ती दिसते! माझी झिर्कोनियाची दाढ सौ.लाही ओळखू येत नाही. जयचंद बोलला की समोरच्याला सोने दिसत असेल, म्हणून तर खूण पटली.

अमेरिकेतही असेच घडले. १७७५ च्या बंकर हिलच्या लढाईत पडलेल्या जोसेफ वॉरनचे प्रेत पुढच्या वर्षी उकरले, तेव्हा पॉल रिव्हियरने ते आपण तारेने बसवलेल्या खोट्या दातावरून ओळखले. पेशाने तो सोनार-चांदीकाम करणारा. तिकडे दातांवरून ओळख पटवण्याचे पहिले उदाहरण म्हणून हे पुष्कळदा सांगतात. आपले त्याच्याआधी ५८० वर्षे घडलेले आहे.

खरे तर मला लिहायचे होते ते वेगळेच. हल्ली कोणालाही घरभेदी ठरवायचे असले की 'जयचंद' म्हणतात. आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर निवडणुकीच्या दिवसांत हा शब्द रोज दिसतो. त्याने घोरीला बोलावले, ही गोष्ट नंतरच्या रासो परंपरेतून आणि संयोगितेच्या स्वयंवराच्या कथेतून पसरली; त्या काळच्या लेखनात तिला आधार नाही. तराईनच्या लढाईत तो पृथ्वीराजाच्या मदतीला गेला नाही, एवढे त्याच्या नावावर जमा आहे. ते कमी नाही, पण तो वेगळा गुन्हा.

गंमत अशी, की ज्या राजाला एका स्वयंवराच्या कथेने बदनाम केले, त्याच्याच दरबारी श्रीहर्ष होता. श्रीहर्षाचे 'नैषधीयचरित' पुढे ठेवून आपल्या रघुनाथ पंडितांनी 'नलदमयंती स्वयंवराख्यान' रचले. मराठी घेऊन बी. ए. झालेल्या आमच्या पिढीला ते परिचयाचे.

जयचंद ११७० मध्ये गादीवर बसला आणि चोवीस वर्षांनी चंदावरला पडला. त्या काळचाच हसन निजामी लिहितो, की त्याला बाण वर्मी लागला आणि तो उंच आसनावरून खाली आला. इब्न असीर पुढे सांगतो, की पाडाव झालेले हत्ती घोरीपुढे आणून सलाम करायला लावले तेव्हा सगळ्यांनी केला, एका पांढऱ्या हत्तीने मात्र केला नाही. हत्तीचे खरे-खोटे मी सोडून देतो. पण सोन्याच्या तारेची गोष्ट शत्रूपक्षाच्या बाजूने लिहिणाऱ्याने कशाला रचावी? हलते दात बांधून घेतलेला हा राजा स्वतः रणात उभा होता, एवढे तरी तिच्यावरून धरावे लागते.