परसांतील नळीची विहीर

घरच्या परसांत दोघा माणसांनीं सकाळीं काम सुरू करावें आणि दिवेलागणीच्या आंत विहीर तयार व्हावी, असें कोणी १८६१ सालापूर्वीं म्हटलें असतें, तर त्याच्या बोलण्यावर फारसा कोणी विश्वास ठेवला नसता. विहिरीसाठीं आधीं पाणाड्यानें जागा दाखवावी, मग वडारांनीं माती उपसावी, बेलदारांनीं कातळ फोडावा, गवंड्यांनीं चिरे लावावे, आणि हें सर्व होईपर्यंत यजमानानें थैलीचें तोंड उघडें ठेवावें, हा आपल्याकडील परिपाठ. इतर देशांतहि तपशिलाचा फरक सोडला तर प्रकार हाच होता. एवढा खर्च व एवढीं माणसें ज्याला परवडत त्याची विहीर. इतरांनीं त्याच्या परवानगीनें पाणी भरावें. ही परवानगी काय चीज असते, हें महाराष्ट्राला निराळें सांगावयास नको. महात्मा जोतीराव फुले यांनीं पुण्यांतील आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या जातींना खुला केला तो १८६८ सालीं. आणि महाडच्या चवदार तळ्याचें पाणी ओंजळींत घेण्यासाठीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला तो १९२७ सालीं. ज्या साधनानें दुसऱ्याच्या काठाशीं उभें न राहतां, ज्याच्या त्याच्या परसांत पाणी वर येऊं लागलें, त्या साधनाचा इतिहास म्हणूनच सवडीनें पाहण्यासारखा आहे.

हें साधन म्हणजे जमिनींत ठोकून बसविलेली लोखंडी नळी आणि तिच्या डोक्यावरचा हातपंप. तिचा जनक कर्नल नेल्सन ग्रीन हा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं न्यू यॉर्क संस्थानांतील कोर्टलंड गांवचा रहिवासी. १८६१ सालीं तिकडे यादवी पेटली, तेव्हां त्यानें कोर्टलंड येथें ७६ वी स्वयंसेवक पलटण उभारण्याचें काम हातीं घेतलें. पलटण दक्षिणेंत उतरल्यावर अनोळखी मुलखांत शिपायांना पाणी कोठून मिळणार, हा प्रश्न त्याला सतावूं लागला. सैन्य म्हणजे चालती वस्ती. एका मुक्कामीं विहीर खणण्याइतकी फुरसत तिला कोण देणार? त्याच वर्षींच्या शरद ऋतूंत ग्रीननें एक पहार जमिनींत ठोकून पाणी कितीवर आहे याचा अदमास घेतला, आणि पुढें नळी घालून तिला पंप जोडला. पाणी आलें, आणि येतच राहिलें.

जाणत्यांना नवल वाटलें तें येथेंच. खणलेली विहीर म्हणजे एक सांठा. रात्रभर झरे पाझरून तिच्यांत पाणी जमतें, दिवसा तें उपसतात. दीड इंच व्यासाच्या नळींत असा सांठा तो किती मावणार? एक घागरसुद्धां भरणार नाहीं. पुढें न्यायालयांत ग्रीनच्या पक्षानें या कोड्याचा जो उलगडा मांडला तो असा कीं, माती उकरून न काढतां नळी ठोकून घातल्यामुळें सभोंवतालची जमीन तिला घट्ट आवळून बसते, व बाहेरून हवा शिरण्यास फट राहत नाहीं. मग पंपाचा दांडा हालवितांच नळींत जी पोकळी होते, तिचा ओढा थेट खालच्या वाळूपर्यंत पोंचतो. आजूबाजूच्या जमिनीवर हवेचा दाब असतोच, तो पाण्याला नळीकडे लोटतो. सांठ्याचें काम जमीनच करते. वकिली भाषेंतील हें विवेचन आजच्या भूजलशास्त्राला शब्दशः मान्य होईल असें नाहीं. परंतु नळी घट्ट बसली पाहिजे व खालीं वाळू किंवा बारीक खडी पाहिजे, या दोन अटी मात्र खऱ्याच आहेत.

तिसरी अट निसर्गानें घातलेली आहे. ओढून पाणी काढणारा पंप ठराविक उंचीच्या पलीकडे पाणी चढवीत नाहीं, ही तक्रार गॅलिलिओनें १६३८ च्या आपल्या ग्रंथांत नमूद केली होती. आणि ती उंची हवेच्या वजनानें ठरते, हें त्याचा शिष्य टॉरिचेली यानें १६४३ च्या सुमारास पाऱ्याच्या नळीवरून दाखवून दिलें. हिशेबानें ही उंची ३४ फूट भरते; पण चामड्याच्या वाट्या झिजतात, झडपा गळतात, सांधे हवा धरीत नाहींत. तेव्हां व्यवहारांत २५ फुटांच्या आंत पाणी असेल तेथेंच परसांतला पंप चालतो. हा आंकडा पुढच्या सर्व हकिकतींत ध्यानांत ठेवण्याजोगा आहे.

नळी ठोकण्याची रीत मोठी सुटसुटीत असे. पहिल्या तुकड्याच्या टोंकाला पोलादी अणी. अणीच्या वर हात दीड हात लांबीपर्यंत नळीला बारीक भोंकें, व वाळू आंत येऊं नये म्हणून त्यांवर तारेची जाळी. नळीच्या अंगाला एक भक्कम पकड आवळीत. त्या पकडीवर पडेल असें, मधोमध छिद्र असलेलें वजन नळींतच ओवलेलें असे. दोघांनीं दोन बाजूंनीं कप्प्यांवरून दोर ओढून तें वजन उचलावें आणि सोडून द्यावें. प्रत्येक घावासरशी नळी अंगुळ दोन अंगुळ खालीं जाई. एक तुकडा जमिनींत गेला कीं दुसरा आट्यांनीं जोडावयाचा, आणि मधून मधून दोरीला ओळंबा बांधून आंत सोडावयाचा. ओळंबा ओला आला कीं पंप चढवावयाचा. आरंभीं गढूळ पाणी व वाळू येते; उपसा तसाच चालूं ठेवला म्हणजे अणीभोंवतालची बारीक वाळू निघून जाऊन तेथें खडीची एक नैसर्गिक चाळणी तयार होते, व पाणी निवळतें. गोटा आडवा आला तर नळी उपटून चार हातांवर पुन्हा ठोकावी. खणलेल्या विहिरीची जागा चुकली म्हणजे कुटुंब बुडतें. येथें फार तर दुपार फुकट जाई.

असें हें साधन ग्रीनच्या हातीं लागलें खरें, पण त्याचें दैव सरळ नव्हतें. १८६१ च्या डिसेंबरांत पलटणींतल्याच एका कप्तानाशीं त्याचा तंटा विकोपास गेला व ग्रीननें त्याच्यावर पिस्तूल झाडलें. कप्तान वांचला, ग्रीनच्या हातून मात्र पलटण गेली. पुढचीं कांहीं वर्षें चौकशा व भांडणें यांत गेलीं. तेवढ्यांत कोर्टलंडमध्यें जो तो नळ्या ठोकूं लागला होता, आणि युक्ति आपलीच म्हणणारेहि निघाले. ग्रीननें पेटंटसाठीं अर्ज केला तो १८६६ च्या मार्चमध्यें, आणि पेटंट त्याच्या हातीं पडलें १४ जानेवारी १८६८ रोजीं.

योगायोग असा कीं, त्याच १८६८ सालीं ही नळी मुंबईच्या लष्करासंगें आफ्रिकेंत गाजत होती. हबसाणचा बादशाहा थिओडोर यानें इंग्रजांचा वकील व इतर युरोपियन माणसें कैदेंत ठेवलीं, म्हणून त्यांच्या सुटकेसाठीं मुंबई लष्कराचे सरसेनापति सर रॉबर्ट नेपियर यांच्या हाताखालीं मोहीम निघाली होती. तांबड्या समुद्रावरील झुला येथें फौज उतरली. किनारा रखरखीत, तेथें समुद्राचें पाणी आगबोटींवर ऊर्ध्वपातित करून माणसांना व जनावरांना पाजावें लागे. डोंगराच्या वाटेला लागल्यावर मात्र नद्यांच्या कोरड्या पात्रांत, वाळूच्या खालीं, पाणी होतें. आणि तेथें या नळ्या उपयोगीं पडल्या. इंग्लंडांत जेम्स नॉर्टन यानें १८६७ सालीं यांचें पेटंट घेतलें होतें. ग्रीनच्या मनांत ज्या सैन्याची तहान होती तें राहिलें बाजूला, आणि दुसऱ्याच खंडांतील दुसऱ्याच सैन्याच्या तहानेनें त्याची युक्ति प्रसिद्धीस आली. १३ एप्रिल १८६८ रोजीं मगदल्याचा किल्ला पडला; मोहीम लोक विसरले, परंतु इंग्लंडांतील परसांतून आणि कुरणांतून ठोकलेल्या नळीला ‘हबशी विहीर’ हें नांव मात्र चिकटून राहिलें.

अमेरिकेंत याच सुमारास निराळें युद्ध जुंपलें. तेथील सपाट, वाळूमिश्रित मुलखांत नळीची विहीर घरोघरीं झाली होती. शेतकऱ्यानें बाजारांतून नळी व पंप आणावा, मुलाला हाताशीं घ्यावें, आणि अंगणांत पाणी काढावें. पेटंटाच्या मालकांचे मुखत्यार आतां दारोदार फिरूं लागले. घरगुती विहिरीस १० डॉलर हक्काची रक्कम भरा, नाहीं तर कोर्टांत या, असा निरोप. नळीचे पैसे दुकानदाराला दिले, जमीन बापजाद्यांची, मेहनत घरची. मग हे १० डॉलर कशाचे? पाण्याचे, कीं पाणी कसें काढावें या कल्पनेचे? कायद्याचें उत्तर ‘कल्पनेचे’ असें होतें, आणि तें सर्वस्वीं गैर म्हणतां येणार नाहीं. ज्यानें युक्ति काढली त्याला तिचें फळ मिळावें, या तत्त्वावरच पेटंटाचा कायदा उभा आहे. परंतु आयोवासारख्या संस्थानांतील शेतकऱ्यांना तें पटेना. अनेकांनीं फी देण्याचें नाकारलें व खटल्यांस तोंड दिलें.

न्यू यॉर्कमधील न्यायालयानें १८७६ सालीं ग्रीनच्या बाजूनें कौल दिला. अखेर प्रकरण वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयापुढें गेलें. १८८७ च्या मे महिन्यांत न्यायमूर्ति मॅथ्यूज यांनीं दिलेल्या निकालांत पेटंट ग्राह्य ठरलें. शेतकऱ्यांची बाजू संपली असें वाटलें असेल. पण सहा महिने लोटले नाहींत तोंच, नोव्हेंबरांत, आयोवांतून आलेल्या दुसऱ्या दाव्यांत त्याच न्यायालयानें तेंच पेटंट रद्द ठरविलें. या वेळचा मुद्दा निराळा होता: शोध नवा होता कीं नाहीं, हा नव्हे, तर शोधक वेळेवर आला कीं नाहीं, हा. अर्ज करण्यापूर्वीं दोन वर्षांहून अधिक काळ एखादी वस्तु सार्वजनिक वापरांत असेल तर पेटंट टिकत नाहीं, आणि तो वापर शोधकाच्या संमतीनें झाला कीं संमतीवांचून, हें पाहण्याचें कारण नाहीं, असें न्यायमूर्ति ब्लॅचफर्ड यांनीं सांगितलें. १८६६ च्या दोन वर्षें आधींच कोर्टलंडचे लोक या नळ्यांचें पाणी पीत होते. १८८८ सालीं फेरविचाराची मागणीहि फेटाळली गेली. वास्तविक पेटंटाची सतरा वर्षांची मुदत १८८५ मध्येंच संपली होती. वाद चालला होता तो मागील बाकीचा. पिस्तुलाच्या एका बारानें कर्नलसाहेबांचीं जीं वर्षें खाल्लीं, तीं त्यांना अशा रीतीनें महागांत पडलीं.

आपल्या देशांतील कायद्यानें हा प्रश्न दुसऱ्या टोंकानें सोडविला. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाच्या ७ व्या कलमाखालील एका उदाहरणांत असें म्हटलें आहे कीं, ठराविक प्रवाहानें न वाहणारें जमिनीखालचें सर्व पाणी आपल्या हद्दींत गोळा करण्याचा अधिकार प्रत्येक जमीनमालकाला आहे. १८९१ मध्यें हा कायदा मुंबई इलाख्याला लागू झाला. परसांत नळी ठोकणाऱ्याला हें वचन सोन्यासारखें; पण शेजाऱ्याच्या परसालाहि तेंच लागू! इंग्लंडांत १८४३ च्या एका खटल्यांत कोळशाच्या खाणीनें शेजारची विहीर आटविली, तरी विहिरीच्या मालकाला दाद मिळाली नव्हती. आणि ज्याला परसच नाहीं, त्याच्याविषयीं हें कलम मुकें आहे. महाराष्ट्रांत २००९ च्या भूजल अधिनियमानें या मोकळिकीला कांहीं आळा घातला, तो सव्वाशे वर्षांनंतर.

गंगेच्या गाळाच्या मुलखांत व बंगालच्या त्रिभुज प्रदेशांत नळीला जणूं माहेर मिळालें. पाणी हाताशीं, माती मऊ. शिवाय बंद नळींत वरची घाण उतरत नाहीं. १८५४ सालीं लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरील पंपानें पटकी कशी पसरविली, हें डॉ. जॉन स्नो यांनीं दाखविलें होतें. तो पंप खणलेल्या उथळ विहिरीवर होता, आणि शेजारींच शौचकूप पाझरत होता. या भयानेंच पुढें बांगलादेशांत तळ्यांचें पाणी सोडून घरोघर नळ्या घालण्याचा उपक्रम १९७० नंतर जोरानें झाला. पण गाळांत निसर्गतःच असलेला सोमल कोणाच्या हिशेबांत नव्हता. पश्चिम बंगालमध्यें १९८३ सालीं व बांगलादेशांत १९९३ सालीं तो पाण्यांत सांपडला. पाणी दिसावयास नितळ, चवीला गोड. तोंपर्यंत असंख्य कुटुंबें आपापल्या परसांतलें तें पाणी वर्षानुवर्षें पीत आलीं होतीं.

महाराष्ट्राच्या पठारावर मात्र यांतलें कांहींच घडलें नाहीं, कारण येथें अणी शिरतच नाहीं. चार हात मुरूम लागला कीं खालीं काळा पाषाण, सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींच्या लाव्ह्याचा. पाणी असतें तें त्याच्या भेगांत, आणि बहुधा २५ फुटांच्या पुष्कळ खालीं. म्हणून देशावर सुरुंगाची विहीर व मोट, आणि कोंकणपट्टींत रहाट, हींच साधनें टिकलीं. कातळ भेदणारीं यंत्रें १९६० नंतर आलीं, आणि १९७२ च्या दुष्काळांत त्यांची निकड उभ्या महाराष्ट्राला कळली. खोल छिद्रांवर आरंभीं बसविले ते बिडाचे पंप परदेशांतील एकेका घराच्या मापाचे होते. घरांतलीं पांच सात माणसें जो दांडा दिवसांतून पांच पन्नास वेळां हालवीत, तो येथें उभ्या गांवानें पहांटेपासून रात्रीपर्यंत हालविला. खिळे झिजले, दांडे मोडले, आणि गांवोगांव मुके पंप उभे राहिले. त्यावर उपाय निघाला तो महाराष्ट्रांतच. जालना येथें मिशनच्या कार्यकर्त्यांनीं व पुढें सोलापूर येथें कारागिरांनीं पोलादी पत्र्याचा, जोडकामाचा, साखळीनें दट्ट्या उचलणारा दणकट पंप घडविला. त्यावरूनच १९७० नंतरच्या दशकांत युनिसेफच्या साहाय्यानें ‘इंडिया मार्क दोन’ हा पंप सिद्ध झाला व पुढें आफ्रिकेंतहि गेला.

या पंपाचा दट्ट्या पाण्यांतच, खोल तळाशीं असतो. तो पाणी ओढीत नाहीं, वर ढकलतो, म्हणून हवेच्या दाबाची ती २५ फुटांची हद्द त्याला लागू नाहीं. मात्र परसांत मुलाला हाताशीं घेऊन ठोकण्याची ती वस्तु राहिली नाहीं. छिद्र पाडण्यास मोटारीवरचें यंत्र लागतें, आणि तळची वाटी बदलावयाची म्हटली तरी तिपाई उभारून, सर्व नळ्या व सळया एकामागून एक वर ओढण्यास चार माणसें बोलवावीं लागतात.