फाशीचे अपील आणि बाबासाहेबांचा इशारा

३ जून १९४९ रोजी संविधान सभेत फौजदारी अपिलांवर चर्चा चालू होती. फाशी झालेल्या प्रत्येकाला सर्वोच्च न्यायालयात दाद मागता यावी, असा काही सदस्यांचा आग्रह होता. बाबासाहेबांचे मत स्पष्ट होते : त्यापेक्षा फाशीची शिक्षाच रद्द केलेली बरी. ते असे का म्हणाले, हे समजायला नाशिकचा एक खटला पुरेसा आहे.

५ जून २००३ च्या रात्री नाशिकजवळ बेलतगव्हाण येथे पेरूच्या बागेतल्या झोपडीवर दरोडा पडला. पाच जणांचा खून झाला. बलात्कारही झाला. भटक्या जमातींतले सहा जण पकडले गेले. दरोड्यात एकाने खून केला तरी साऱ्या दरोडेखोरांना फाशी देता येते, असे भारतीय दंड संहितेचे कलम ३९६ सांगत होते. म्हणजे दरोड्यात तुमचे नाव घातले की गळ्यात दोर आलाच.

२००६ मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. २००७ मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली. सरकार अपिलात गेले आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी सुनावली! म्हणजे अपिलाने त्या तिघांना वाचवले नाही, उलट फासाजवळ नेले. त्या सहांपैकी एक जण घटनेवेळी अल्पवयीन होता, हे तर नंतर सिद्ध झाले.

फाशीच्या पुनर्विलोकन याचिका खुल्या न्यायालयात ऐकाव्यात, असा निकाल २०१४ मध्ये आला, म्हणून हे प्रकरण पुन्हा उघडले. ५ मार्च २०१९ रोजी न्यायमूर्ती सिक्री, नझीर आणि शाह यांनी सहाही जणांना निर्दोष सोडले आणि प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई द्यायला लावली. वाचलेल्या साक्षीदार बाईने पोलिसांकडच्या फोटोंतून चार वेगळेच लोक ओळखले होते. त्यांचा तपासच झाला नव्हता. हा पुरावा पहिल्यापासून होता. तीन न्यायालयांना तो का दिसला नाही?

गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. संशय रद्द झाला का? रायगडच्या किनाऱ्यावर आजही घरफोडी झाली की पहिली नजर पालाकडे आणि कातकरीवाडीकडे वळते. ज्याच्याकडे वकिलाला द्यायला पैसे नाहीत, त्याचे अपील नशिबावर चालते. चुकीची जन्मठेप निदान थांबवता येते, चुकीची फाशी परत घेता येत नाही. म्हणून आमची मागणी बाबासाहेबांचीच आहे : फाशी रद्द करा.

जय भीम!